क्यूएमूत कर्नल उठत नाही तेव्हा

बोर्ड (मशीन चालवणारा छोटा संगणक) शिरोली एमआयडीसीत मशीनच्या पॅनेलमध्ये बसलेला, आणि त्याचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) कंपाइल होतोय कोल्हापुरात राजारामपुरीत. मधे पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पूर नसतानाही दर बिल्डला तिकडं पळण्यात अर्थ नाही. आधी क्यूएमूत, म्हणजे लॅपटॉपवरच दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उठवून (बूट करून) बघावा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो कोरा स्क्रीन. लॅपटॉपचा पंखा गरगरतोय आणि टर्मिनलवर अक्षर नाही. ६४ बिट आर्म प्रोसेसरसाठी असेल तर आधी सीपीयू बघा. क्यूएमूतल्या ‘व्हर्ट’ या काल्पनिक मशीनचा डीफॉल्ट सीपीयू कॉर्टेक्स-ए१५ आहे, म्हणजे ३२ बिटचा. त्यावर ६४ बिटची इमेज चालत नाही आणि क्यूएमू तक्रारही करत नाही. कॉर्टेक्स-ए५७ किंवा ‘मॅक्स’ स्वतः लिहा. मात्र ५.१२ च्या आधीचा कर्नल ‘मॅक्स’वर अडतो; तिथं ‘एलपीए२’ (मोठे मेमरी पत्ते वापरायची सोय) ऑफ करायचं.

सीपीयू बरोबर असेल तर कन्सोल बघा, म्हणजे कर्नलचे मेसेज कुठल्या पोर्टवर येतात ते. आर्म ‘व्हर्ट’ला टीटीवाय-एएमए०, एक्स८६ आणि रिस्क-व्हीला टीटीवाय-एस०, पॉवरच्या ‘पीसिरीज’ला एचव्हीसी०. तरीही शांतता असेल तर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये नुसतं ‘अर्लीकॉन’ (मेसेज अगदी सुरुवातीपासून दाखवणारा पर्याय) टाका. यूआर्टचा (सीरियल पोर्टचा) पत्ता ‘व्हर्ट’च्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे हार्डवेअरच्या यादीत, असतोच. हा ट्री क्यूएमू स्वतः बनवतं, म्हणून आपल्या बोर्डाचा डीटीबी (डिव्हाइस ट्रीची फाइल) ‘व्हर्ट’ला देऊ नका. पत्ते जुळत नाहीत, पुन्हा कोरा स्क्रीन.

रॅम न सांगितल्यास १२८ एमबी मिळते. इनिटरामएफएस (बूट होताना रॅममध्ये उतरणारी फाइल सिस्टम) जाड असेल तर पुरत नाही. १ जीबी द्या. आठपेक्षा जास्त कोर हवे असतील तर जीआयसीची (आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरची) आवृत्ती ३ लागते. केव्हीएम (गेस्टला होस्टच्या प्रोसेसरवर थेट चालवणारी सोय) फक्त होस्ट, म्हणजे आपला लॅपटॉप, आणि गेस्ट, म्हणजे आतलं नकली मशीन, एकाच जातीच्या प्रोसेसरचे असतील तर.

‘अननोन-ब्लॉक(०,०)’ म्हणत कर्नल पॅनिक झाला (रूट डिस्क न सापडून अडला), तर बहुधा व्हर्टआयओ ब्लॉक (क्यूएमूच्या आभासी डिस्कचा ड्रायव्हर) आणि त्याचा पीसीआय ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधलाय. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही ‘वाय’ (कर्नलमध्येच) करा, रूट ‘व्हीडीए’ ठेवा. स्क्रिप्टमधून चालवताना ‘पॅनिक=-१’ आणि ‘नो-रीबूट’ जोडीनं द्या. पॅनिक झाला की क्यूएमू बंद पडतं, नाहीतर रात्रभर तसंच लटकतं.

एवढं करून उठला, तरी बोर्डावर उठेलच असं नाही. क्यूएमूत प्रोसेसरची कॅश (जवळची जलद मेमरी) नसतेच. डीएमएआधी (हार्डवेअर थेट रॅम वाचतं-लिहितं त्याआधी) कॅश फ्लश करायची राहिली तरी इथं डेटा बरोबर येतो, बोर्डावर कचरा. मेमरी बॅरियर (वाचणं-लिहिणं क्रमानंच करायला लावणारी सूचना) विसरला तरी एक्स८६ होस्ट ते बहुतेक वेळा झाकून नेतो. क्लॉक, रेग्युलेटर, पिनमक्स (कुठल्या पिनला कुठलं काम) तर बोर्डाचे, ‘व्हर्ट’ला ठाऊकच नाहीत. त्यासाठी शिरोलीच गाठावी लागते. जाताना यूएसबी-सीरियल केबल ३.३ व्होल्टची घ्या, ५ व्होल्टची लावली तर प्रोसेसरची पिन जाऊ शकते.