७०१ चं काम, भाग ३: कपलर निघाला, पण तुकड्यांत

मागच्या भागात माझ्या वॉटर स्कूटरचं इंजिन हलमधून (म्हणजे तिच्या कवचातून) काढून बाकावर ठेवलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘आता कपलर, अर्ध्या तासाचं काम.’ तो अर्धा तास सतरा दिवस चालला.

नव्यांसाठी थोडक्यात. यामाहाचं ७०१ सीसी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ८१ मिमी बोअर, ६८ मिमी स्ट्रोक. शिवोलीत, शापोरा नदीच्या काठी वाढलेली वॉटर स्कूटर, म्हणजे आयुष्यभर खारं-मचूळ पाणी. मागच्या बाजूचं क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) सील गेलंय. ते बदलायला केस उघडायची, आणि केस उघडायच्या आधी क्रँकच्या शेपटावरचा कपलर, म्हणजे इंजिनाचा जोर पाणी मागे फेकणाऱ्या पंपाच्या शाफ्टला देणारा दातेरी जोड, निघाला पाहिजे.

हा कपलर क्रँकवर आट्यांनी बसतो आणि आटे साधे, उजवे. मागून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं. पंपाचा भार कपलरला मागे धरून ठेवतो, म्हणजे दर वेळी थ्रॉटल दाबला की कपलर आणखी आवळला जातो. वर्षानुवर्षं कुणीतरी आवळतच आलंय असं समजा. त्यात कपलर अ‍ॅल्युमिनियमचा, क्रँक पोलादी आणि मध्ये मीठ. दोन धातूंच्या सांध्यात जी पांढरी भुकटी तयार होते ती फुगते, आणि मग आटे पाचर मारल्यासारखे जाम.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या कपलरला तीन दाते आहेत. दोन दातांमध्ये टॉमी (लोखंडी दांडी) अडकवली, तिच्यावर चार फुटी पाइप चढवला आणि लटकलो. ‘टक्’ असा आवाज आला. क्षणभर वाटलं, सुटला. सुटला नव्हता, एक दात मुळापासून तुटून माझ्या चपलेशेजारी पडला होता. सगळा जोर एकाच दातावर आला की अ‍ॅल्युमिनियम दुसरं काय करणार.

त्यापेक्षा मोठी चूक मी करणार होतो, ती टळली. क्रँक फिरू नये म्हणून पुढचं फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) धरायचं ठरवलं होतं. तिथे पाना लावायला जागा भरपूर, सोयीचं. आमच्या शेजारी एक काका राहतात, उमेदीची वर्षं गेली मालीमच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात. ते छत्री मिटत आत आले, बघितलं आणि म्हणाले, ‘‘पुता, पुढून धरून मागून पिळतोस? हा क्रँक एकसंध नाही रे, दाबून जोडलेला आहे.’’

बरोबर होतं त्यांचं. अशा टू-स्ट्रोकचा क्रँक वेगवेगळे तुकडे पिनांवर प्रेसने बसवून केलेला असतो. पुढचं टोक धरून मागच्या टोकाला पाइप लावला तर सगळा पीळ त्या प्रेस केलेल्या सांध्यांतून जातो. एखादा सांधा किंचित जरी सरकला तरी दोन सिलिंडरमधलं १८० अंशांचं नातं बिघडतं. इंजिन चालू होतं, पण थरथरतं, आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. साधं सील बदलताना अख्खा क्रँक घालवायचा हा खात्रीचा मार्ग. म्हणून इथे ठळकपणे नोंदवतो: कपलरच्या सर्वांत जवळचं सिलिंडर धरायचं, फ्लायव्हील नाही.

धरायचं कसं, तर दोरीने. मागच्या सिलिंडरचा प्लग काढला, पिस्टन वर चढत असताना एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं, धूर बाहेर जायचं भोक) पूर्ण झाकला गेल्यावर थांबलो, आणि प्लगच्या भोकातून ८ मिमीची नायलॉन दोरी भरली. कपलर सोडायची दिशा आणि इंजिन फिरण्याची दिशा एकच, त्यामुळे पिस्टन वर येऊन दोरीवर दबतो आणि थांबतो. पोर्ट उघडा असताना दोरी भरली तर ती पोर्टात शिरून कातरली जाते, मग तिचे तुकडे वेचत बसा. काथ्याची दोरी नको, तिचे तंतू सुटतात. बाहेरच्या टोकाला मोठी गाठ मारा.

उरलेल्या दातांवर सारखा जोर यावा म्हणून १२ मिमीच्या पट्टीवर खुंट्या वेल्ड करून हत्यार बनवून घ्यायचं ठरलं. थिवीच्या लेथवाल्याकडे गेलो तर दारात ट्रॉलरचे शाफ्ट लाकडाच्या मोळीसारखे पडलेले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यामुळे सगळ्या बोटी याच दिवसांत दुरुस्तीला. माझ्या पट्टीचा नंबर सहाव्या दिवशी लागला. तोवर रोज संध्याकाळी आट्यांच्या तोंडाशी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून सोडत होतो. मिश्रण चांगलंच आहे, पण जिथे शिरायला फटच नाही तिथे कुठे शिरणार.

मग उष्णता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. २५ मिमी व्यासाला १०० अंशांनी तापवलं तर दोघांत सुमारे ०.०३ मिमीचा फरक पडतो. कमी वाटतं, पण जाम आट्याला तेवढं पुष्कळ असतं. सील भाजून निघतं, पण ते तसंही फेकायचंच होतं. कार्ब्युरेटर काढून, पेट्रोलचे आणि अ‍ॅसिटोनचे डबे घरात नेऊन, इंजिन पडवीत घेऊन गॅसचा टॉर्च (ज्योतीचा) लावला. (हीट गनने करणार होतो, पण पावसाळ्यातली वीज. असो.) तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली, मेण वितळून कडेला साचून राहिलं, आत गेलंच नाही. तेव्हाच पाल चुकचुकली. पट्टी लावली, पाइप लावला, पट्टी वाकली. कपलर तसाच.

एक दात गेलेला कपलर तसाही भंगारातच जाणार होता, मग त्याचे लाड कशाला? क्रँकच्या लांबीला समांतर, एका रेषेत ५ मिमीची भोकं पाडली आणि आरीच्या पात्याने ती जोडली. ग्राइंडर वापरू नका, अ‍ॅल्युमिनियमने चकती चोंदते. पात्यावर रॉकेल सोडत राहिलं की छान कापतं. आट्यांच्या अलीकडे अर्धा मिमी राहिला तेव्हा थांबलो, फटीत छिन्नी ठेवली आणि हातोड्याचे तीन ठोके दिले. चिरकल्याचा आवाज झाला, फट उघडली, आणि पाइप-पान्याने कपलर बरणीच्या झाकणासारखा फिरला. काका तेव्हा नेमके चहाला गेले होते.

आत काय होतं? पांढरी भुकटी तर होतीच, पण आट्यांत लाल थ्रेडलॉकरही (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) भरलेलं. आधीच्या कुणीतरी सढळ हाताने ओतलं होतं. हे लाल प्रकरण सैल व्हायला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं. मी बहुधा तिथवर पोचलोच नव्हतो. म्हणजे टॉर्च आणखी धीराने धरला असता तर कदाचित आरी लागलीच नसती. एका आट्याला छिन्नीचा ओरखडा आला होता, तो तिकोनी कानसीने साफ केला.

दोन दिवसांनी क्रँक काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवला आणि डायल गेज लावला. मागच्या शेपटाला रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.०३ मिमी. माझी मर्यादा ०.०५ होती. एक पिन सर्वांत वर, तर दुसरी बरोबर खाली. डायलचा काटा थांबेपर्यंत काका काही बोलले नाहीत, नंतर फक्त चष्मा पुसला.

नवा कपलर, मधला रबरी डॅम्पर आणि दोन्ही सीलं मागवली आहेत. जुना डॅम्पर एकाच बाजूने खाल्लेला दिसतोय, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते माउंट दबलेत आणि पंपाच्या शाफ्टशी रेषा चुकलीय. पुढच्या भागात सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन तेच बघायचंय. नव्या कपलरच्या आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावावं की नुसतं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण), यावर इथे दोन तट आहेत हे ठाऊक आहे. मी स्वच्छ आट्यांवर मध्यमचे दोन थेंब लावणार. चवथीच्या आधी पाण्यात उतरली तर बरं.