दुतोंड्या कुठवर आला?

सात महिने बंगळुरूला लेकीकडे काढून जुलैत नाशिकला परतलो. खिडक्या उघडल्या, टाकी धुतली आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला. त्याच्या मते आज 1 जानेवारी 2018 होती.

मला हेवाच वाटला. 2018 साली माझे गुडघे धड होते. पण एकही वेबसाइट उघडेना, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच पालुपद. पुतण्याला फोन लावला.

“काका, आतला सेल गेला. वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत, अशी तारीख असते. तुमच्या मशीनच्या हिशेबाने ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आलेली नाहीत.”

निघताना भिंतीवरचं बटण मीच बंद केलं होतं. म्हणजे सात महिने घड्याळ चालवायची सगळी जबाबदारी त्या म्हाताऱ्या सेलवर. तारीख हाताने घातली असती तर तात्पुरतं भागलं असतं, पण वीज तोडली की पुन्हा 2018. मेन रोडला घड्याळजीकडे गेलो. सेलचं नाव सीआर 2032. हे खरं तर नाव नाही, माप आहे: 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. जुना काढून नवा बसवायला दोन मिनिटं लागली, कॅबिनेटमधली धूळ पुसायला अर्धा तास.

आता अपडेट. “आधी फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा,” पुतण्या म्हणाला. “अपडेट होईपर्यंत मेल उघडू नका, बँकेचं काही नको.” मला हे फार सोवळंओवळं वाटलं. मग त्याने 2017 ची आठवण दिली. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने 12 मे रोजी जगभरचे कॉम्प्युटर ओलीस धरले, आणि तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट 14 मार्चलाच आलेला होता. लोकांनी घेतला नव्हता, इतकंच. मुकाट्याने डिस्क जोडली.

सात महिन्यांचे सात अपडेट ओळीने घ्यावे लागतील अशी माझी धास्ती होती. तसं नसतं. विंडोजच्या ताज्या मासिक अपडेटमध्ये मागची उधारी बहुतेक जमा असते. तो येतो महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या घड्याळाने; आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणजे नाशिककराने तो बुधवारी घ्यावा, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून भाजी आणल्यावर.

आमचा बुधवार मात्र पावसाचा निघाला. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, ही मोबाइलवर ग्रुपमधल्या बातम्या वाचत स्वयंपाकघरात. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर आमच्याकडे पुराचा अंदाज बांधतात. कोणी क्युसेक सांगितले तरी पुढचा प्रश्न तोच. इकडे पडद्यावर ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ आणि खाली 30 टक्के. दहा मिनिटं 30. वीस मिनिटं 30. लाईट एकदा लुकलुकली, यूपीएस टूँ टूँ ओरडला, माझा हात आपोआप देवघराकडे वळला. यूपीएसचा जीव दहा मिनिटांचा, आणि अर्धवट अपडेटमध्ये वीज गेली तर विंडोज उठेल याची खात्री नाही. लाईट टिकली. 30 ही टिकले.

आतून हिने हाक मारली, “अहो, कुठवर आलं?”

“तीस टक्के.”

“म्हणजे अजून गुडघ्यालाच,” ती म्हणाली आणि कुकर लावला.