मॅडमनी विचारलं मला होतं

सोमवार, रात्री उशिरा

ह्यांनी "नाही, एकच बास" म्हटलं आणि त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी ते लिहूनही टाकलं.

विचारलं मला होतं. आधी, ऑपरेशन झालंय का? मी नाही म्हटलं. मग, अजून मूल हवंय का? मी काय म्हणणार होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं, पण बोलायला तोंड उघडलं होतं एवढं नक्की. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून उत्तर गेलंसुद्धा. वाण्यानं तूरडाळ किती बांधू म्हणून विचारावं आणि आपण सांगावं, इतक्या सहज. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती का हलवली, ते दुपारपासून शोधतेय.

प्रश्न औषधासाठी होता, मान्य आहे. माझ्या सोरायसिसला, म्हणजे अंगावरच्या या खवल्यांच्या चट्ट्यांना, मलमांनी भागायचे दिवस संपले. कोपर आणि नडग्या होत्याच, मग डोकं, कानामागे, आणि यंदाच्या थंडीत पाठ. नखांवर बारीक खड्डे पडलेत. एवढ्या अंगाला मलम लावायचं म्हणजे रोज रात्री तासभर बसायचं, आणि चादरीला तेलकट वास येतो तो वेगळाच. लाइटचा, म्हणजे अंगावर अतिनील किरण घ्यायचा, उपचार चांगला म्हणतात, पण त्याला आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, तेही महिनोन् महिने. युनिफॉर्मच्या कारखान्यात मार्चपासून शाळांच्या ऑर्डरी सुरू होतात, तेव्हा मला कोण सोडणार? म्हणून मॅडम म्हणाल्या, आता पोटातून औषध घेऊ. त्यातली बरीचशी औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात. म्हणून विचारलं, दुसरं काही नाही.

मग मी जागी का आहे?

कागद समोर आहे. चार नावं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिली आणि प्रत्येकाचं बरं-वाईट सांगितलं. इतक्या शांतपणे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आईनं मला ज्यांच्याकडे नेलं होतं ते नुसत्या पुड्या द्यायचे. आठवड्यात अंग स्वच्छ, आणि पुडी थांबली की दुप्पट. मॅडमना ते सांगितलं तर म्हणाल्या, त्यात स्टेरॉइड असणार. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की सोरायसिस असा उसळतो, कधी कधी पू भरलेले फोडही येतात. असो. ते दिवस मला आठवायचे नाहीत.

पहिलं नाव मेथोट्रेक्सेट. जुनं आणि स्वस्त. आठवड्यातून एकदाच घ्यायचं. हे "एकदाच" त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं, ह्यांच्याकडूनही वदवून घेतलं, कारण चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेततं. ह्यांनी तिथंच फोनवर नाव टाकलं, पहिल्याच ओळीत कॅन्सर आलं आणि चेहरा उतरला. मॅडमनी समजावलं की कॅन्सरला हेच देतात ते कितीतरी मोठ्या मात्रेत, आपल्याला सुरुवात साडेसात मिलिग्रॅमपासून, फार तर वाढवत पंधरापर्यंत. तरी लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. आधी रक्त तपासायचं, लिव्हर, किडनी, पेशी, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे, आणि प्रेग्नन्सी टेस्ट. मग सुरुवातीला थोड्या थोड्या आठवड्यांनी पुन्हा रक्त. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, केस थोडे जातात. तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला येऊन धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच यायचं. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून कुठलीही गोळी आणायची नाही. दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे गेलं तर हे चालू आहे म्हणून आधी सांगायचं, कारण सल्फा-ट्रायमेथोप्रिमसारखं साधं अँटिबायोटिकसुद्धा याच्याबरोबर रक्तातल्या पेशी पाडतं.

आणि त्याच्या जोडीला फोलिक ॲसिड. पिवळी, छोटी.

ती गोळी मी ओळखते. शंतनूच्या वेळी पहिल्या महिन्यांत रोज खाल्लीय. तेव्हा आत्या, माझ्या सासूबाई, स्वतः पाणी घेऊन उभ्या राहायच्या, बाळाचा मणका नीट होतो म्हणून. आता तीच गोळी खायची ती दुसऱ्या औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून. मेथोट्रेक्सेट शरीरातलं फोलेटचं, म्हणजे याच जीवनसत्त्वाचं, काम अडवतं, म्हणून तर ते बाळाला चालत नाही. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा ह्यांनी विचारलं, ती किती रुपयांची आहे.

दुसरं सायक्लोस्पोरिन. गुण लवकर येतो, काही आठवड्यांतच, पण किडनीला जपावं लागतं, बीपी वाढतं, आणि वर्ष-दोन वर्षांच्या वर देत नाहीत. तोंडावर लव वाढते, हिरड्या सुजतात. दिवस राहिलेच तर या चौघांत त्यातल्या त्यात हेच चालवून घेतात, असंही त्या म्हणाल्या. पण माझं बीपी शेवटच्या महिन्यात किती चढलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ते नाव तिथंच बाजूला पडलं.

तिसरं अ‍ॅसिट्रेटिन. ओठ फुटतात, कोलेस्टेरॉल वाढतं. आणि बंद केल्यावरही ३ वर्षं दिवस राहता कामा नयेत. मॅडम म्हणाल्या, हे तुमच्या वयाच्या बायकांना मी देत नाही, फक्त माहिती म्हणून सांगितलं. पुढच्या नावाकडे वळल्यासुद्धा.

मी मात्र त्या ३ वर्षांवरच अडकले. जे औषध मला मिळणारच नाही, त्याचा हिशोब मनात सुरू झाला. आत्ता पस्तीस. वर्षभर औषध, मग तीन वर्षं. एकोणचाळीस. चाळिशी आलीच. हा हिशोब मी कुणासाठी करत होते? ज्या बाईला एकच बास आहे, ती असलं गणित मांडत नाही.

(चौथं अ‍ॅप्रेमिलास्ट, नवं. अमेरिकेत २०१४ला सोरायसिससाठी मंजूर झालं, आता आपल्याकडेही मिळतं. १० मिलिग्रॅमपासून चढवत दिवसातून दोनदा ३०पर्यंत न्यायचं. सतत रक्त तपासावं लागत नाही. सुरुवातीला जुलाब, मळमळ, वजन उतरतं. काहींचं मन खचतं, तसं वाटलं तर लपवू नका म्हणाल्या. तेही गरोदरपणात नको. आणि महिन्याचा खर्च मेथोट्रेक्सेटच्या कितीतरी पट.)

घरी येताना होम मैदानापाशी सिद्धेश्वरांच्या यात्रेची, गड्ड्याची गर्दी होती. शंतनूला पाळण्यात बसवायचं कबूल केलंय ते राहिलंच. गाडीवर मागे बसून मला एकदम रडू आलं, आणि हेल्मेटमुळे ह्यांना ते कळलं नाही.

या आजारात माझं मत कोण विचारतं? संक्रांतीला सगळ्या जणी काळ्या साड्या नेसल्या. मी नाही. काळ्यावर खांद्यावरचे खवले दिसतात. हळदी-कुंकवाला बोलावलं तर जाते, पण कुंकू लावताना समोरचीचं बोट माझ्या केसांच्या रेषेपाशी येऊन किंचित थांबतं, ते मला कळतं. लागट नाही, कुणाला लागत नाही, हे मी किती जणींना सांगायचं? परवा वाण देता देता एकीनं तेच विचारलं, शंतनूला भाऊ-बहीण कधी? मी हसले. दर वर्षी हसते. यात्रेत नंदीध्वजांच्या दिवशी मिरवणुकीत सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं, तेवढ्यात मी पांढरा ड्रेस घालून निवांत उभी होते. एवढंच सुख. साडी माझी नाही, झोप माझी नाही, खाज सुटली की हातही माझा राहत नाही. मग मुलाचं तरी उत्तर माझं असावं की नाही?

असं बराच वेळ चाललं होतं. मग एक गोष्ट आठवली आणि मी स्वतःशीच थबकले.

शंतनू पोटात असताना माझं अंग स्वच्छ झालं होतं. औषधाशिवाय. चौथ्या महिन्यापासून कोपरावरचे चट्टे विरत गेले, डोकं खाजायचं थांबलं. डोहाळजेवणाचा फोटो आहे, अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज आहे त्यात. त्यानंतर मी अर्ध्या बाह्या घातल्या नाहीत. मॅडमना आज हेही सांगितलं तर म्हणाल्या, हो, पुष्कळ जणींचं गरोदरपणात कमी होतं आणि बाळंतपणानंतर परत येतं.

मला मूल हवंय, की ते अंग हवंय?

हे लिहायला मला लाज वाटत नाही, पण भीती वाटते. कारण दोन्ही खरं आहे आणि कोणतं किती ते मला सांगता येत नाही. शंतनूचा वास, त्याचं दूध पिता पिता झोपणं, ते परत हवंसं वाटतं, अगदी पोटातून वाटतं. आणि त्याच्याच मागे ते नऊ महिने आहेत, कुणी न बघता बाजारातून चालत येण्याचे. एका बाळाला नऊ महिन्यांच्या त्वचेसाठी बोलवायचं? नाही. पण हे मी स्वतःशी बोलायला हवं होतं, वेळ घेऊन. मॅडमच्या टेबलासमोर नव्हे, आणि दुसऱ्याच्या तोंडून तर नाहीच.

आणि ते परत आलं तेव्हा काय झालं होतं, हेही लिहायला हवं. शंतनू दीड महिन्याचा, आणि माझ्या अंगावर जागा उरली नव्हती. त्याला कोपरावर घेतलं की कातडी फाटायची. चादरीवर रक्ताचे ठिपके. हे रात्री उठून त्याला घेऊन फिरायचे, जिन्यापासून दारापर्यंत, परत जिन्यापर्यंत. आत्या काही बोलायच्या, ते जाऊ दे.

आज जेवणं झाल्यावर मी विचारलंच. "तुम्ही माझ्या आधी का बोललात?"

हे ताट उचलत होते. "कशाबद्दल?"

"मॅडमनी विचारलं तेव्हा."

थोडा वेळ गेला. "मी बघितलंय की तुला त्या वेळी," म्हणाले. मग, "परत तसं नको बघायला मला."

मी म्हटलं, "अंग माझं होतं."

"हो. पण बघत मी होतो."

पुढे बोलणं झालं नाही. शंतनू आला, त्याला गोष्ट हवी होती. हे सांगत बसले आणि तिथंच झोपले.

रागाला धरून बसायला मला आता काही सापडत नाहीये. ह्यांनी उत्तर दिलं ते भीतीनं दिलं. तूरडाळीसारखं सहज वाटलं मला, पण मनात तयारच होतं ते, कधीपासून कुणास ठाऊक. ती भीती खरी आहे, तरी उत्तर माझंच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहू शकतात, राहतातच. बारा वर्षांच्या संसारात याहून अवघड गोष्टी राहिल्यात.

तर औषधाचं. मेथोट्रेक्सेट घ्यावं असं वाटतंय. लिव्हरची भीती आहे, पण ती रक्तात दिसते, आकड्यात कळते, आणि आकडा वाढला तर गोळी कमी करता येते किंवा थांबवता येते. दारू घरात नाही, शुगर नाही, वजन थोडं जास्त आहे तेवढं बघायचं. अ‍ॅप्रेमिलास्टला रक्तासाठी सारख्या सुया टोचून घ्याव्या लागत नाहीत हे खरं, पण दर महिन्याचे ते पैसे, आणि मन खचण्याची गोष्ट. यंदा ते आधीच बरंच खाली आहे, त्याला आणखी ढकलायचं नाही. आणि मेथोट्रेक्सेटचं मला सगळ्यात पटलं ते हे की बंद केल्यावर ६ महिने थांबलं की पुढचा विचार करता येतो. मॅडमनी हे सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं होतं, आत्ता कळलं. वर्षभर घेऊन बघू, मग ठरवू. तोपर्यंत काळजी घ्यायची, अगदी कडक, कारण या औषधावर असताना दिवस राहिले तर ते कुणालाच परवडणार नाही.

मॅडमना जाऊन सांगणार आहे की आमच्याकडून लिहिलेलं ते उत्तर बदला. सध्या नको, एवढंच लिहा. पुढचं मी येऊन सांगेन. ह्यांना बरोबरच नेणार, त्यांच्यासमोर सांगणार. सदतीस किंवा अडतीसला मला नको वाटलं तर नको म्हणेन, आणि तेव्हा ते मला जड जाणार नाही असं आत्ता तरी वाटतंय.

गोळीचा वार ठरवायचाय. एकदा ठरला की बदलायचा नाही. गुरुवार नको, उपास असतो. शनिवारी रात्री घेतली तर मळमळ रविवारी घरातच निभावता येईल. कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवते, म्हणजे आत्यांनाही दिसेल आणि कुणी चुकून मधल्या वारी हातात देणार नाही. फक्त आपलं पाणी. चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी पहाटे, कधी मध्यरात्री, त्याचा नेम नाही. रविवारी आलं तर मला वाकून पिंप भरवणार नाहीत. ह्यांना झोपेतून उठवून तेवढं सांगितलं. "भरतो की," म्हणाले, आणि परत झोपले.