जन्मानंतर सोनोग्राफी करावी

बाळाच्या शीत रक्त दिसलं की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: आव. भिवापूरकडून आलेल्या आठ महिन्यांच्या मुलीच्या चिठ्ठीवरही तेच होतं, सोबत अँटिबायोटिकची अर्धी संपलेली बाटली. पण ही दहा-पंधरा मिनिटं गप्प पडून राहायची, मग एकदम पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, पांढरीफटक व्हायची आणि पुन्हा मलूल. "दात येऊन राहिले म्हणून रडते, असं वाटलं म्याडम," आजी म्हणाली. लंगोट सोडला तर शी नव्हतीच, नुसती लाल चिकट शेंब. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तो सोडून पाहिला होता का, कोण जाणे.

आतड्यात आतडं शिरलं होतं, इंटससेप्शन. सहा महिने ते दोन वर्षं हे त्याचं नेहमीचं वय, आणि या वयात बहुतेक वेळा त्यामागे गाठबीठ काही सापडत नाही. म्हणून नागपूरच्या धंतोलीत त्या रात्री आम्ही नेहमीचंच करायला घेतलं. गुदद्वारातून फोलीची नळी, मीटरभर उंचीवर कोमट सलाइनची बाटली, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब. पाण्याच्या दाबाने शिरलेलं आतडं मागे सरकतं. सलाइन लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप ओलांडून लहान आतड्यात उसळलं की काम झालं. इथे पाणी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत गेलं आणि अडलं ते अडलंच.

आमचे रेडिओलॉजिस्ट 'सुटलं' किंवा 'नाही सुटलं' यापलीकडे फारसं बोलत नाहीत. त्या रात्री प्रोब एका जागी धरून म्हणाले, "टोकाला काळा गोळा आहे. भिंत बघा." भिंतीला दोन थर होते, आतला पांढरा आणि बाहेरचा काळा, म्हणजे अस्तर आणि स्नायू. मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या साध्या सिस्टची, पाण्याच्या पिशवीची, भिंत पातळ, एकेरी दिसते. हा जन्मतःच जोडीला आलेला आतड्याचा जास्तीचा तुकडा होता, ड्युप्लिकेशन सिस्ट. तोच पुढे घुसून मागचं आतडं ओढून नेत होता. मग पाण्याचा नाद सोडला आणि ऑपरेशन थिएटर गाठलं.

शिरलेलं आतडं ओढायचं नसतं, ओढलं की फाटतं. पुढच्या टोकाकडून बोटांनी दाबत मागे सारायचं, टूथपेस्टच्या ट्यूबसारखं. शिकाऊ डॉक्टर इथे हमखास घाई करतात. सुटलेलं आतडं जांभळं होतं. गरम सलाइनच्या पॅडमध्ये गुंडाळून थांबलो. रंग परतला, सिस्टलगतचा भाग मात्र काळपटच राहिला. सिस्ट ३ सेंटिमीटरची, मेसेंटरीच्या बाजूला, आतड्याशी भिंत एक आणि रक्तपुरवठाही एक. अशी सिस्ट तेवढी सोलून काढायला गेलं तर शेजारच्या आतड्याचं रक्त तुटतं. तो तुकडा सोबत कापावाच लागतो. प्रश्न एवढाच की किती. झडप जेमतेम ४ सेंटिमीटरवर होती. ती गेली की जुलाब मागे लागू शकतात, शिवाय बी-१२ शोषणारं आतडंही तिथलंच. झडपेसकट मोठा तुकडा काढून मोकळं होणं सोपं होतं. मी झडप ठेवली. करंगळीहून बारीक आतड्याची दोन टोकं ५-० व्हिक्रिलच्या बारीक धाग्याने, सुटा एकेक टाका घालत जोडली. त्या टाक्यांचा मला अभिमान आहे, लपवू कशाला.

पॅथॉलॉजीच्या अहवालात सिस्टच्या आत जठराचं अस्तर निघालं. म्हणजे आतडं शिरलं नसतं तरी त्या अस्तरातल्या आम्लाने पुढे व्रण, रक्तस्राव, प्रसंगी भोकसुद्धा पडू शकलं असतं.

मुलगी दूध पिऊ लागली, आणि घरी सोडायच्या दिवशी आईने पिशवीतून गरोदरपणाची फाइल काढली. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत स्वच्छ लिहिलेलं: 'बाळाच्या पोटात सिस्ट. जन्मानंतर सोनोग्राफी करावी.' कसली असावी, याबद्दल अवाक्षर नाही. मुलीच्या पोटात सिस्ट दिसली की संशय आधी अंडाशयाचा येतो. पण तो शब्द लिहिला की मुलगी आहे हे उघड होतं, आणि १९९४च्या लिंगनिदानबंदी कायद्यात ते बसत नाही. कायदा हवाच. पण त्यापायी सोनोलॉजिस्टचा हात आखडतो, हेही खरं.

पुढे बाळंतपण झालं, वजन छान, शी-शू छान. बाळाच्या कार्डावर ती ओळ उतरलीच नाही. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर म्हणतात, रिपोर्टात होतं की. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आईची फाइल माझ्याकडे येतच नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत, याचाच जास्त संताप येतो.

वडिलांना विचारलं, "पहिल्याच महिन्यात सिस्ट दाखवून मी ऑपरेशन सांगितलं असतं तर?"

"खरं सांगू म्याडम? पोट्टी खेळून राहिली असती, दूध पिऊन राहिली असती, तं आम्ही कायले कापू दिलं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्रास नसलेल्या बाळाचं पोट उघडा म्हणून आई-बापाला पटवणं हे टाक्यांहून अवघड काम आहे, आणि ते शिकवत कोणी नाही. तरी त्या प्रसूतिगृहाला फोन केला: आईच्या सोनोग्राफीत बाळाबद्दल काही असेल तर ते बाळाच्या कार्डावर उतरवा.

"म्याडम, आमच्या कार्डावर तसा रकानाच नाही," पलीकडून उत्तर आलं.