करंट मारणारे संगणक

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत देणगीतून आलेले दहा डेस्कटॉप चादरीखाली पडून होते. मराठी टायपिंग शिकवायला गेलो, तर एकही मूल पुढे येईना. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, हात लावला की करंट मारतो.”

अनवाणी पाय, नुकतीच पुसलेली शहाबादी फरशी आणि पत्र्याचं कॅबिनेट. मीटर लावला. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यात २२८ व्होल्ट, ठीक. कॅबिनेट ते ओली जमीन मात्र ११० च्या आसपास. हा निम्मा आकडा दिसला की अर्थिंगकडेच, म्हणजे बॉडी जमिनीशी जोडणाऱ्या तारेकडेच बघायचं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे बॉडीवर अर्धा दाब (व्होल्टेज) येतो. करंट अगदी थोडा, पण बोटांना झिणझिण्या आणायला पुरेसा. बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर मीटरच्या पेटीपाशी नुसतीच लोंबत होती.

वायरमन म्हणाला, न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडू. हा जुगाड गावोगाव दिसतो आणि तो जीवघेणा आहे. मागे कुठेही न्यूट्रल तुटला, तर दहाही कॅबिनेटवर पूर्ण दाब येतो. मी ठाम नकार दिला.

आवारात सगळा मुरूम आणि खडक. न्हाणीघराचं पाणी मुरतं तिथेच माती ओली सापडली. पहारीने खड्डा घेऊन २.५ मीटरचा, ४० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले, भरपूर पाणी ओतलं. नंतर मीटरने फेज-अर्थ २२६ दाखवलं, पण त्यावर विसंबू नये. कमकुवत अर्थिंगवरही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. मुलांना दूर उभं करून वायरमनने फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावला. तो पूर्ण उजेडात पेटला, तेव्हाच संगणक जोडले. पाच-पाच संगणकांमागे ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला. दहाही एकावर घेतले तर सगळ्यांची गळती एकत्र होऊन तो विनाकारण पडू शकतो.

देणगीच्या यादीत माऊसपॅडसुद्धा होते, अर्थिंगचा खर्च नव्हता. संगणक देणाऱ्यांनी तो आधी धरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

संध्याकाळी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डचा पहिला धडा झाला. ‘कि’ लिहिताना मुलं वहीतल्या सवयीने आधी वेलांटी दाबत होती; इथे आधी क, मग वेलांटी. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं काम त्या मुलीच्या वर्गाने घेतलं.