आमची वाटचाल: एका वाफ्यात गवती चहा, शेजारच्यात वाळा

कलमांची नर्सरी वडिलांनी सुरू केली. चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला, वरकस जमिनीवर. हापूस, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ काजू, थोडा कोकम. कलमांचं गिऱ्हाईक मे महिन्यात यायला लागतं आणि गणपतीपर्यंत आटोपतं. उरलेलं वर्ष पाणी घालायचं आणि गड्यांचे पगार भागवायचे. आज आमचा निम्मा धंदा दोन गवतांवर चालतो, हे वडिलांना अजून पटत नाही. गवत शाकारायला, नाहीतर गुरांना. विकत कोण घेतो?

गवती चहा आधी आला. विहिरीच्या पाटाला आईने लावलेले ठोंब होते, पावसाळ्यात त्याच्या जुड्या बाजारात जायच्या, तेवढीच त्याची मिळकत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईचे चाकरमानी गावाला येऊन राहिले आणि घरोघरी काढे उकळायला लागले. कलम बघायला आलेला माणूस निघताना म्हणायचा, "काकू, ते चहाचं पण एक द्या." दोन हंगाम असे गेल्यावर आम्ही त्याचे वाफे धरले. जुना गड्डा उपटायचा, कुदळीने चिरायचा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे ठेवायचे, पात वीतभर आणि मुळं बोटभर राखून छाटायची, पिशवीत लावून महिनाभर सावलीत. कलमाला पाच माणसांची निगा लागते. इथे घरातल्या दोन बायका सकाळच्या उन्हाआधी वाफा मोकळा करतात.

वाळा मात्र आपत्तीतून आला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. घरासाठी डोंगर कापलाय, मागची दरड दर पावसाला थोडी थोडी उतरते, काय लावू? कोणी बांबू सांगितलेला असायचा, कोणी निलगिरी. आम्ही दक्षिणेकडच्या जातीचा वाळा आणून वाढवायला घेतला. उत्तर भारतातला वाळा बी धरतो, हा धरत नाही; फक्त ठोंबाने वाढतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या शेतात तण म्हणून शिरायची भीती नाही. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पूर्वीपासून शेताच्या हद्दीला हाच लावत आलेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफील्ड यांनी माती धरायला वाळ्याच्या ओळींचा प्रचार सुरू केला तो भारतातूनच. पुढे जगभर गेला. आपल्याकडे मात्र वाळा म्हटलं की अजून माठ आणि सरबतच आठवतं.

पिशवीत असताना दोन्ही गवतं इतकी सारखी दिसतात की नवा गडी हमखास घोटाळा करतो. आम्ही त्याला आधी पात चुरगळायला शिकवतो. गवती चहाच्या पातीला लिंबाचा वास लगेच येतो, वाळ्याच्या पातीला काहीच नाही. त्याचा सुगंध सगळा मुळात. आणि बुंधा बघायचा. वाळ्याचे फुटवे पंख्यासारखे चपटे बसतात, पात ताठ आणि मध्ये मोडल्यासारखी. गवती चहाची पात रुंद, निळसर झाक असलेली, कडेला इतकी धारदार की उघड्या हाताने कापणी केली तर संध्याकाळी भात कालवताना झोंबतं.

निगराणीत मात्र दोघांचं एकही लक्षण जुळत नाही. गवती चहाला पाण्याचा निचरा हवा. कोकणातल्या पावसात सपाट वाफ्यावर लावलात तर आषाढात बुंधा कुजलाच समजा, म्हणून आम्ही गादीवाफाच करायला सांगतो, दोन ठोंबांत दीड-दोन फूट. खोल पुरायचाही नाही. वाळा आठवडेच्या आठवडे पाण्यात उभा राहतो. ओळीमागे गाळ साठून बुंधा गाडला गेला तरी वरच्या पेऱ्यांना मुळं फुटतात आणि तो गाळाबरोबर उंच होत जातो. गवती चहाचं ठोंब असं गाडलं तर संपलंच. उन्हाळ्यात उलटा हिशोब: गवती चहाला आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं, नाहीतर पात तांबूस पडते, वाळ्याची पहिल्या वर्षाची मुळं धरली की पुढे पाण्याचं नाव काढायला नको. त्याचं मूळ सरळ खाली जातं, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. वणवा वरून गेला तरी मातीत दडलेल्या बुंध्यातून पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो. सावली त्याला सोसत नाही, एवढं एकच त्याचं नाजूक दुखणं. दाट काजूखाली लावलेला वाळा दोन वर्षांत विरळ होतो आणि लोक रोपाला नावं ठेवतात.

कापणीचंही तसंच. गवती चहा लावल्यावर चार-पाच महिन्यांनी पहिली कापणी, जमिनीपासून चार-सहा बोटं वर, मग दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा. कापत राहिलात तरच ठोंब तरुण राहतो. चार-पाच वर्षांनी गड्डा मधून पोकळ होतो, तेव्हा उपटून, चिरून नव्याने लावायचा. आमचं बेणं यातूनच निघतं. वाळा कापायचा तो फुटवे वाढावेत म्हणून, वर्षातून दोनदा, गुडघाभर ठेवून. कोवळी पात गुरं खातात, म्हणून पहिल्या वर्षी राखण लागते. पुढे तो दशकानुदशकं जागचा हलत नाही.

आमची सगळ्यात जास्त वादावादी होते ती वाळ्याच्या मुळांवरून. उतारावर ओळी लावून घेतलेला माणूस दीड वर्षाने येतो आणि विचारतो, "आता मुळं खणून अत्तरवाल्याला विकू ना?" अहो, मुळं खणलीत तर दरड धरायला राहिलं काय? वर भुसभुशीत झालेली माती पहिल्या पावसात खाली. मुळांचं पीक घ्यायचं तर ते वेगळं, सपाट, वाळूमिश्रित जमिनीत घ्यावं, म्हणजे खणणी सोपी जाते आणि मूळ तुटत नाही. जांभ्याच्या कातळात खणणाऱ्याचीच हाडं मोडतील. आम्ही घरच्यापुरती मुळं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून घेतो. गोणी फाडली की मुळांचा जटांसारखा भारा अखंड निघतो. धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हात टाकला तर वास उडतो.

तेलाचा नाद आम्हालाही लागला होता. गवती चहाची पात थोडी सुकवून भट्टीत टाकली की दोन-तीन तासांत तेल निघतं, त्यात चारातले साधारण तीन हिस्से सिट्राल, म्हणजे लिंबाचा वास देणारं द्रव्य. वाळ्याच्या मुळांना तीच भट्टी पंधरा-वीस तास आणि त्याहून जास्त पेटती ठेवावी लागते, आणि शंभर किलो सुक्या मुळांतून किलोभर तेल मिळालं तर भरून पावलं. उत्तर प्रदेशातल्या कनोजच्या अत्तरवाल्यांना त्याचा भाव मिळतो, कारण पिढ्यांची भट्टी, पिढ्यांचं गिऱ्हाईक. आम्ही गवती चहाची छोटी भट्टी टाकली, वाळ्याच्या तेलाच्या वाटेला गेलो नाही. लाकूडफाट्याचा हिशोब मांडला की मोह आपोआप गळतो.

दरडीच्या कामात आम्ही एक गोष्ट आधीच बोलून घेतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. वाळा वरची दोन-तीन मीटर माती शिवून धरतो, ओहळ पडू देत नाही, पाण्याचा वेग मोडतो. कोकण रेल्वेनेही आपल्या कटिंगच्या उतारांवर वाळा लावून घेतला आहे. पण जिथे डोंगराला वरून भेग गेली आहे, सगळा थर खडकावरून सरकायला बसला आहे, तिथे कुठलंही गवत कामाचं नाही. तिथे भूगर्भ जाणणाऱ्या माणसाला बोलवावं, आणि तो म्हणाला तर घर सोडावं. मध्यंतरी एका ठेकेदाराला हे सांगितलं तर तो हसला, "शेठ, तुम्ही रोपं द्या, बाकी आम्ही बघतो." उतार जवळजवळ उभा कापलेला, वरून पाणी काढायला साधा चरही नव्हता. त्याला रोपं दिली नाहीत. त्याने दुसरीकडून घेतली असतील.

लावणीत लोक काटकसर करतात ती नेमकी नको तिथे. वाळ्याच्या दोन ठोंबांत वीतभराच्या आत अंतर हवं, चार-सहा बोटंच बरं, आणि ओळ समपातळीत. रोपं वाचवायला फूट-फूट सोडलं की मधल्या फटीतून पाणी जोर करून जातं आणि तिथेच घळ पडते. म्हणून आम्ही आता नगावर भाव सांगतच नाही. आधी विचारतो ओळ किती मीटरची, उतार किती, ऊन किती वेळ. मग रोपं मोजून देतो आणि मेलेल्यांच्या जागी भरायला थोडी जास्तीची. ए-फ्रेम घेऊन समपातळीच्या खुणा करायला धाकटा भाऊ जातो. तीन बांबू, एक दोरी, एक दगड, एवढंच त्याचं यंत्र. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ते पोरखेळ वाटतं.

पैशाचं म्हणाल तर दोघांची घडी वेगळी बसली आहे. गवती चहाची रोपं किरकोळीने जातात, एकेक, दोन-दोन, शिवाय जुड्या आणि थोडं तेल, म्हणजे दर आठवड्याला गल्ल्यात काहीतरी पडतं. वाळ्याचं गिऱ्हाईक वर्षात मोजकं, पण घेतो तेव्हा टेम्पो भरून. त्याची मागणी नेहमी मृग निघाल्यावर येते, जेव्हा उशीर झालेला असतो. ठोंब वाढवायला आम्हाला तीन-चार महिने आधी कळायला हवं. त्यामुळे वाळ्याचं बुकिंग यंदापासून होळीपर्यंतच घेणार आहोत. गवती चहाला बुकिंग लागत नाही, कधीही या, पिशवी घेऊन या.