हत्तीच्या पुढच्या पायात गुडघा नसतोच

हत्तीला चार गुडघे असतात हे वाक्य इतक्या ठिकाणी दिसतं की आता त्यावर चिडणंही सोडून दिलंय. पुढचा पाय मधोमध जिथे वाकतो ना, ते मनगट आहे मनगट! कोपर त्याच्या बरंच वर, छातीच्या खालच्या कडेपाशी, पण कातडी एवढी सैल की पटकन कळत नाही.

खरी गंमत कोपराच्या खाली आहे. हात पुढे करा, तळवा वर, आता आतली दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, शेजारी शेजारी आहेत. तळवा पालथा केला की रेडियस अल्नावरून तिरकं होऊन अंगठ्यासोबत आतल्या बाजूला जातं. हत्तीचं ते कायमचं तसंच अडकलंय, उताणं करायची सोयच नाही. त्यात घोड्यात, गाईत रेडियस जाडजूड असतं आणि अल्ना बारीक होऊन त्याला चिकटलेलं, हत्तीत बरोब्बर उलटं, अल्ना दणकट, बहुतेक भार त्याच्यावर, आणि रेडियस त्याच्यापुढे अगदीच किरकोळ.

आणि पायांची हाडं आतून पोकळ नसतात हं, मज्जेची मोकळी नळी नाहीच, सगळी जाळीदार हाडाने भरलेली, आणि शरीराचं साधारण ६०% वजन पुढच्या दोन पायांवर येतं. तरी कॉलरबोन, म्हणजे खांद्याला छातीशी जोडणारं गळ्याखालचं हाड, नाही! म्हणजे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, खांद्याची ती मोठी पाती जवळपास उभी आणि त्यांच्यामध्ये छाती नुसत्या स्नायूंवर टांगलेली, एवढं सगळं धूड. मला हे अजूनही पटायला जड जातं.

पंजा बाहेरून सपाट ठोकळा वाटतो पण आत हत्ती जवळजवळ चवड्यांवर उभा असतो, टाचेखाली चरबीची जाड गादी. त्या गादीत अंगठ्याच्या बाजूला एक जादा काडी असते, आधी कूर्चा, वय वाढेल तसं हाड होत जाणारी. ती गादीला टेकू देते हे २०११ मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन हचिन्सन आणि त्यांच्या टीमने दाखवलं, आणि त्यावरून 'सहावं बोट' म्हणून बातम्या झाल्या. बोट नाहीये ते, खरी बोटं पाचच. फक्त नखांवरून मोजू नका, आफ्रिकेतल्या सव्हाना हत्तीला पुढच्या पायावर सहसा चारच नखं असतात, बोटं तरी पाचच.